सस्पेन्स खात्यातलं दुखणं

हरणीला नेमकं झालंय काय, असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी सगळं सांगत बसायचे. रक्त तपासलं, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, गोचीडतापाचा कोर्स झाला, किडनी ठीक, साखर ठीक, हृदय वयाच्या मानानं बरं. समोरचा माणूस सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "ते खरं हो, पण झालंय काय?" मग हळूहळू सांगायचंच सोडलं. आता कुणी विचारलं की म्हणते, काय तर झालंय बघा, डॉक्टरांनापण कळेना. लोकांचं तेवढ्यावर भागतं. माझं भागत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

हरणी आमची कुत्री. वय तेरा. जात विचाराल तर अर्धी मुधोळ आणि उरलेली अर्धी कुठली ते तिच्या आईलाच माहीत. बाबांनी तिला गोकाककडच्या एका ओळखीच्या मेंढपाळाकडनं आणली, पिशवीत घालून, यष्टीतनं, कंडक्टरशी भांडून. मुधोळ म्हणजे आमच्या बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं घोरपड्यांचं जुनं संस्थान, आणि तिथली ही उंच, सडपातळ, पोट आत गेलेली शिकारी कुत्री. नाकापेक्षा डोळ्यावर चालणारी. लांबवर ससा हलला की सुटलीच. २०१६ साली लष्करानं मुधोळची पिल्लं मीरतला ट्रेनिंगला नेली तेव्हा बाबांनी पेपरमधली बातमी कापून ठेवली होती आणि हरणीला वाचून दाखवली होती, म्हणजे खरंच मोठ्यानं वाचली होती. हरणी तेव्हा सोफ्यावर उताणी झोपलेली. मेंढपाळाघरनं आल्यामुळं तिला पहिल्यापासनं कन्नड कळतं. "ये" म्हटलं तर ती बघू, विचार करू, असा चेहरा करते. "बा इल्ली" म्हटलं की उठते.

तर ही हरणी, जी येळ्ळूरच्या शिवारात बाबांच्या स्कूटरपुढं पळायची, ती मागच्या पावसाळ्यात एकदा सकाळी अंगणात उभी होती आणि उभ्याउभ्याच तिचे मागचे पाय थरथरायला लागले. मान खाली, नजर कुठंच नाही. मग ती बाजूला कलंडली, तोंड उघडून धापा टाकायला लागली. आई घरातनं पळत आली, मी लॅपटॉप टाकून पळाले. काही मिनिटांत सगळं थांबलं. ती उठली, पाणी प्याली, आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीचा आवाज आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात हजर, काही झालंच नाही असं.

त्यानंतर हे होतच राहिलं. कधी आठवड्यानं, कधी महिनाभर काहीच नाही, आपण म्हणावं गेलं एकदाचं, की परत. कधी नुसतं थरथरणं, कधी नुसतं न खाणं. वजन मात्र उतरत गेलं. मुळातच बरगड्या मोजता येणारी जात, त्यात वजन उतरलं की लोक आमच्याकडं बघायला लागतात, हे कुत्र्याला खायला घालत नाहीत म्हणून.

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीची हिशेबाची कामं घरनं करते. आमच्या धंद्यात ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. नंतर पावती सापडते, कुणाला तरी आठवतं, आणि रक्कम जिथली तिथं जाते. वर्षअखेर ते खातं शून्य झालं पाहिजे, नाहीतर ऑडिटर मानगुटीवर बसतो. हरणीचं दुखणं मी तसंच धरून चालले होते, आज ना उद्या पावती सापडणार. म्हणून वही घातली. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, फिरून आली होती का, पाऊस होता का, गल्लीत फटाके वाजले का, शी कशी होती. आईनं त्यात स्वतःचा एक रकाना घालून घेतला, अमावस्या-पौर्णिमा. तिचं ठाम मत होतं की हे अमावस्येला होतंय. वहीनं तिला साथ दिली नाही. मलाही नाही दिली, ते वेगळं.

कारणं मात्र घरोघरी तयार होती. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागलीय, एवढी देखणी कुत्री गेटात बसते. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं उष्णता झालीय, ताक पाजा. फौंड्रीतल्या एकानं हिशेब मांडला की एवढ्या पैशात एक म्हैस आली असती, आणि म्हैस दूध तरी देते. पुण्याचा माझा भाऊ रोज रात्री फोन करून नवीन आजार सांगायचा, गुगलवर शोधलेला, आणि प्रत्येक वेळी आवाज असा की आता सापडलंच. एक गृहस्थ तर माणसाची पेनकिलर घेऊन आले, अर्धी द्या म्हणाले, काही होत नाही. होतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला फार वाईट, थोड्यातही. माणसाच्या औषधाचा डबा कुत्र्यापासनं लांब ठेवायचा, आणि कांदा, लसूण, मनुके, द्राक्षं, चॉकलेटही. आई गोडाच्या शिऱ्यातले मनुके आता वेचून काढते आणि मग तो शिरा हरणीला द्यायचाच कशाला यावर आमचं वाजतं.

डॉक्टर बरे मिळाले, हे आमचं नशीब. बोलतात कमी. त्यांच्याकडचा मदतनीस पहिल्या दिवशी हरणीला टेबलावर चढवताना म्हणाला, "वयस्साग्येत्री", म्हातारी झालीय हो. तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून त्याला सांगितलं की म्हातारपण हा आजार नाही, तो आपण शोधायचं थांबवल्यावर सांगायचा. हे वाक्य मला फार आवडलं. पुढं तेच वाक्य मला किती महागात पडणार आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

पहिला संशय अर्थातच गोचीडतापाचा. आमच्याकडं पावसाळ्याच्या आगेमागे कुठलाही कुत्रा मलूल झाला की डॉक्टर आधी कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघतात. कुत्र्यावरची ती तपकिरी गोचीड घरातच वाढते. भिंतीच्या फटीत, चौकटीच्या मागं अंडी घालते, तीही हजारोंनी, आणि आमचं घर जुनं, मंगळुरी कौलं, मातीच्या भिंती, फटींना तोटाच नाही. तिच्यातनं एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, पांढऱ्या पेशीत घर करतो, प्लेटलेट खाली येतात. वाईट म्हणजे पहिला ताप ओसरल्यावर तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. झटपट किट लावलं तर पॉझिटिव्ह आलं. आम्ही आनंदानं घरी आलो. आजार सापडल्याचा आनंद होऊ शकतो हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की ते किट अँटिबॉडी दाखवतं, म्हणजे कधीतरी हा जंतू अंगात येऊन गेला एवढंच. आत्ताच्या दुखण्याचं कारण तोच असं त्यावरनं म्हणता येत नाही. आमच्याकडच्या कितीतरी ठणठणीत गल्लीतल्या कुत्र्यांचंही पॉझिटिव्हच येईल.

तरी चार आठवडे डॉक्सीसायक्लीन झालं. ती गोळी द्यायची म्हणजे एक प्रकरण. भाकरीत घातली तर भाकरी खाऊन गोळी फरशीवर. लोण्यात घातली तर लोणी चाटून गोळी फरशीवर. शेवटी आई लोण्याची वाटी घेऊन अंगणभर तिच्या मागं. म्हणाली, "नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळाला तर तो संत झाला, आणि मी पळतो तर गल्ली हसते." (आमच्याकडं बायकाही "पळतो"च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) कोर्स संपला, प्लेटलेट थोड्या वर आल्या, थरथरणं होतं तिथंच.

मग प्लेटलेटचंही गणित वेगळंच निघालं. रिपोर्टवर त्या अजून कमीच दिसत होत्या, हीमोग्लोबिन उलट चढं, थायरॉइड खालच्या रेघेशी, क्रिएटिनिन वरच्या रेघेशी. मी पेननं सगळ्याला गोल करून नेलं, ऑडिट करतात तसं. डॉक्टर म्हणाले, या रेघा कुठल्या कुत्र्यांवर काढल्यात ते बघा. ग्रेहाउंड आणि त्या घराण्यातल्या पळणाऱ्या कुत्र्यांचं रक्त मुळातच दाट असतं, प्लेटलेट कमी असतात, थायरॉइड कमी असतं, आणि स्नायू जास्त म्हणून क्रिएटिनिनही थोडं वर. तुमची हरणी त्याच बांध्याची. म्हणजे रिपोर्टात जे लाल दिसत होतं ते तिचं नेहमीचंच असेल. आणि तरुणपणी आम्ही तिचं रक्त कधी तपासलंच नव्हतं, कोण तपासतं, म्हणून तिचं नेहमीचं काय ते कुणालाच माहीत नाही. ज्यांच्या घरी कुत्रं अजून धडधाकट आहे त्यांनी सात-आठ वर्षांचं झालं की एकदा रक्त करून तो कागद जपून ठेवावा, एवढा फुकटचा सल्ला. क्रिएटिनिनचं तर असं आहे की किडनीची साधारण तीन चतुर्थांश ताकद गेल्यावर ते उघड वाढतं, त्यामुळं रेघेच्या आत आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं, आणि किंचित बाहेर आहे म्हणून घाबरायचंही नसतं. हे ऐकून मी घरी येऊन रात्रभर घाबरले.

नंतर डॉक्टरांनी व्हिडिओ मागितला. हे मला आधी विचित्र वाटलं, जनावर पडलंय आणि आपण मोबाइल धरून उभं राहायचं. पण त्यांचं कारण बरोबर होतं. क्लिनिकमधे हरणी नेहमी शहाणी असते, टेबलावर उभी राहून सगळ्यांचा वास घेते, तिथं थरथर नाही की काही नाही. आणि घरी बघितलेलं आपण तोंडानं सांगायला गेलो की आई एक सांगते, बाबा दुसरं. घेरी आणि फिट यात फरक असतो. हृदयामुळं घेरी आली तर जनावर बहुतेक वेळा एकदम सैल पडतं आणि थोड्या वेळात उठून नेहमीसारखं वागायला लागतं. फिट असेल तर अंग ताठतं, पाय मारतात, लाळ येते, कधी लघवी होते, आणि उठल्यावरही बराच वेळ ते कुठं आहे ते त्याला कळत नाही. कानाच्या आतला तोल बिघडला तर मान एका बाजूला वाकते, डोळ्यांची बुबुळं सरसर हलतात, आणि म्हातारी कुत्री त्यात अशी कोसळतात की बघणाऱ्याला वाटतं अर्धांगवायू झाला, पण ते पुष्कळदा काही दिवसांत आपोआप सुधारतं. हरणीच्या व्हिडिओत सगळ्यातलं थोडं थोडं होतं आणि पूर्ण कशातलंच नव्हतं. डॉक्टरांनी तो पुन्हापुन्हा बघितला. मागं आईचा आवाज येत होता, "अगं पाणी आण की, शूटिंग काय करालीस!"

डॉक्टरांनीच शिकवलं की असं झालं की आधी हिरड्या बघायच्या. ओठ उचलायचा, बोटानं हिरडी दाबायची, पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. हिरडी पांढरीफटक असेल तर घरी थांबायचं नाही, कारण म्हाताऱ्या कुत्र्यांत प्लीहेवर गाठ असते, ती पोटात रक्त सोडते, तेव्हाही ती अशीच अचानक बसतात आणि दोन दिवसांनी बरी दिसतात. आमच्या सोनोग्राफीत प्लीहा स्वच्छ होती. थरथरत असतानाच साखर मोजून झाली, कारण स्वादुपिंडावरच्या गाठीनं साखर अशी मधूनच पडते. ठीक होती. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा एक आजार असतो, ॲडिसन, तो दहा आजारांची सोंगं घेतो, येतो-जातो, त्यात सोडियम-पोटॅशियम बिघडतं, आणि सापडला तर औषधावर कुत्रं चांगलं जगतं, म्हणून तो तपासणं भागच होतं. नव्हता. प्रत्येक "नाही" ऐकून आई म्हणायची, बरं झालं. मी म्हणायचे, बरं काय झालं, अजून कळलंच नाही ना. आता वाटतं आईचंच बरोबर होतं. दरवेळी एक वाईट गोष्ट खरोखरच नव्हती.

भावाचं म्हणणं होतं, एमआरआय करा, पुण्याला घेऊन या. तो प्रेमापोटीच बोलत होता, पिल्लू असताना हरणी त्याच्याच उशाशी झोपायची. पण एमआरआयसाठी जनावराला पूर्ण भूल द्यावी लागते, ते काही स्वस्थ पडून राहात नाही. त्यात या सडपातळ जातीच्या अंगावर चरबी नसते, भुलीची काही औषधं त्यांच्यात लवकर उतरत नाहीत, जपूनच द्यावी लागतात. वय तेरा. आणि निपाणी, कोल्हापूर, सातारा करत साडेतीनशे किलोमीटर गाडी, जी हरणी संकेश्वरच्या आतच ओकून मोकळी होते.

मी डॉक्टरांना विचारलं, एमआरआयमधे मेंदूत गाठ निघाली तर आपण काय करायचं? ते म्हणाले, या वयात मी ऑपरेशन सांगणार नाही. सूज उतरवायला गोळ्या देईन, फिट थांबवायची गोळी देईन. मग मी विचारलं, आणि गाठ नाही निघाली तर? म्हणाले, फिटची गोळी देऊन बघेन. म्हणजे दोन्हीकडनं तीच गोळी, असं मी म्हटलं, आणि ते हसले नाहीत, हो म्हणाले.

तिथं माझं डोकं जरा जागेवर आलं. तोवर सगळ्या तपासण्या मी एकाच रांगेत धरल्या होत्या, एकीतनं नाही निघालं तर पुढची. पण त्या दोन जातीच्या असतात. एक, जिच्यातनं काही निघालं तर उद्यापासनं तिचं औषध बदलेल, जेवण बदलेल, दुखणं कमी होईल. दुसरी, जिच्यातनं काही निघालं तर फक्त आपल्याला झोप लागेल. गोचीडताप, ॲडिसन, साखर, किडनी ही पहिल्यातली, ती केलीच पाहिजेत, तिथं "वय झालंय" म्हणून हात वर करणं मला अजूनही पटत नाही. एमआरआय, आमच्या बाबतीत, दुसऱ्यातली. दुसऱ्याच्या घरी, लहान कुत्र्याला, ती पहिल्यातली असू शकते. माझ्या झोपेसाठी तिला भूल द्यायची का, असा प्रश्न सरळ विचारला की उत्तर अवघड नव्हतं. भावाला सांगणं अवघड होतं. तो आठवडाभर बोलला नाही, मग पुण्याहून मऊ गादी पाठवली, सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांसाठीची. हरणी तिच्यावर झोपत नाही, तिला तरुण भारतचे जुने अंकच लागतात, पसरून, आणि पुरवणीची पानं वरती.

आता कसं चाललंय ते सांगते. फिटची गोळी सुरू आहे, रोज ठरलेल्या वेळी, आणि ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते, उलट उसळून फिट येऊ शकतात, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. थरथरणं कमी झालंय का? थोडं. गोळीमुळं की आपोआप, ते वहीतनंही कळत नाही. झोपेत असताना मी तिचे श्वास मोजते, मिनिटाला तीसच्या आत असले की बरं. ताप आपल्या हातानं ठरवत नाही, कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट, त्यामुळं हात लावून "तापलीय" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता थर्मामीटर दाखवते, तो कुठं लावतात ते ऐकून ते गप्प बसतात.

आणि एक नवीन सुरू झालंय. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती परड्याच्या दाराशी जाऊन उभी राहते, बाहेर सोडा म्हणून. पण दार उघडतं त्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. नाक त्या फटीला लावून, शेपूट किंचित हलवत. दार उघडलं तरी तिथंच. दार तिच्या अंगाला हळूच टेकतं, ती एक पाऊल मागं सरते आणि परत फटीत नाक घालते. उघडलेली मोकळी जागा हातभर अंतरावर असते. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या कुत्र्यांत हे दिसतं, मेंदू थकतो, संध्याकाळी जास्त. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं. बाबांना नाही आलं. त्यांनी तिच्या गळ्याखाली हात घालून तिला वळवलं, "बा इल्ली" म्हणाले, आणि दोघं परड्यात गेले. आता ते रोज साताला तिथं खुर्ची टाकून बसतात, पेपर वाचत, म्हणजे पेपर वाचायचं निमित्त करून.

कुणीतरी हे विचारणारच होतं, तसं विचारलं गेलं. इंजेक्शन देऊन सोडवा की तिला. सांगणारे दुष्ट नव्हते, त्यांच्या घरी त्यांनी ते केलं होतं. आपल्याकडं कुत्र्याच्या मौतीनं मरणं ही शिवी आहे, म्हणजे रस्त्यावर, बेवारशी, कुणी न बघता. ते तिला येऊ नये एवढं आमचं सगळ्यांचं एकमत आहे. बाकी कशावरच नाही. आई दत्ताच्या तसबिरीकडं बोट दाखवते, चार कुत्री म्हणजे चार वेद, आपण कोण मारणारे. ती नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जाते तेव्हा हरणीच्या नावानं तीर्थ आणते आणि तिच्या पाण्यात घालते. बाबा काही बोलत नाहीत. मी स्वतः इंजेक्शनच्या विरोधात नाही, वेदनेत तडफडत ठेवणं हे पुण्य आहे असं मला वाटत नाही. पण ज्या दुखण्याचं कारण माहीत नाही त्याचा शेवट जवळ आलाय हे कशावरनं ठरवायचं, हीच तर अडचण. कॅन्सर असता तर डॉक्टरांनी अमुक महिने सांगितले असते. इथं उद्या काय ते उद्याच.

म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरनं आम्ही तिघांनी बसून लिहून ठेवलं, ती बरी असतानाच, कारण वाईट दिवशी माणूस काहीही ठरवतो. सकाळी स्वतः उठून बाहेर जाते का. दुधाच्या पिशवीचा आवाज ऐकून येते का. घरचं माणूस आल्यावर शेपूट हलवते का. कालनिर्णयवर रोज बरोबर किंवा फुली. फुल्या सलग वाढायला लागल्या तर बोलायला बसायचं, फोनवर भावासकट. बाबांनी शेवटी एक कलम घातलं, की गणपतीचे दिवस धरायचे नाहीत, फटाके आणि डॉल्बी सुरू असताना धडधाकट कुत्रीपण कपाटामागं जातात. बेळगावच्या विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा हे कलम बिनविरोध मंजूर झालं.

या वर्षीचा गणपती तिनं आईच्या खोलीत, पलंगाखाली, कानावर आईचं जुनं लुगडं घेऊन काढला. आई रात्रभर जागी. मी म्हटलं तू झोप, मी बघते. "मी बसतो की तिच्यापाशी, मला तरी कुठं झोप येतीय," म्हणाली, आणि वातीच्या कापसाची पिशवी घेऊन वाती वळत बसली. सकाळी डब्यात कार्तिकापर्यंत पुरतील एवढ्या वाती होत्या, आणि कालनिर्णयवर, कलम मोडून, आईनंच काढलेलं बरोबर होतं. दुधाला आली म्हणे.

पुढच्या आठवड्यात परत सोनोग्राफी आहे. ही पहिल्या जातीतली तपासणी, प्लीहा आणि लिव्हर वर्षातनं बघून घ्यायचं ठरलंय. त्यासाठी आदल्या रात्रीपासनं उपाशी ठेवावं लागतं, पोटात अन्न आणि वायू असला की नीट दिसत नाही. आई म्हणते तेरा वर्षं या घरात कुणी उपाशी झोपलं नाही, आणि आत्ता कुठं ती भाकरी-दह्याला तोंड लावायलीय. मी म्हणते डॉक्टरांनी सांगितलंय. बाबा म्हणतात सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे उपास रात्रीतच जाईल. मदतनीसाला फोन केला तर म्हणाला पहिला नंबर आधीच गेलाय, दुसरा देतो. त्यावरनं घरात सध्या वाद चालू आहे, आणि हरणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कोण जिंकतंय ते बघतीय.